येशूची ‘कॉपी’ आणि चाळीस टक्क्यांचं गणित

डिसेंबर आला की तो फॉरवर्ड येतोच. ग्रीकांचा देव डायोनायसस पण २५ डिसेंबरला जन्मला, तोही कुमारिकेच्या पोटी, म्हणजे ख्रिश्चन धर्म अख्खा ढापलेला. आता डायोनायससची आई सेमेली, तिला देवांचा राजा झ्यूस याच्यापासून दिवस गेले, त्याच्याच विजेने ती जळून खाक झाली आणि झ्यूसने ते अर्भक स्वतःच्या मांडीत शिवून वाढवलं अशी कथा आहे. यात कुमारिका कुठे आली? आणि बायबलात तर येशूच्या जन्माची तारीखच नाही, २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोमच्या इ.स. ३५४ च्या कॅलेंडरातली आहे. चमत्काराचे मेसेज ढकलणारे आणि हे ढकलणारे, दोघांची शहानिशा सारखीच.

ख्रिश्चन धर्माला ग्रीक मुळं आहेत, पण ती मेल्यावर माणसाचं काय होतं या प्रश्नात आहेत. जुन्या यहुदी समजुतीत चांगला-वाईट कुणीही मेला तरी शिओल नावाच्या पाताळाच्या अंधारातच जायचा. होमर कवीच्या काळच्या ग्रीकांचंही फार वेगळं नव्हतं. पण पुढे काही ग्रीक पंथ सांगायला लागले की दीक्षा घेतली तर पलीकडे बरे दिवस आहेत. दक्षिण इटलीत हिप्पोनिऑनला एका बाईच्या थडग्यात साधारण इ.स.पू. ४०० चा सोन्याचा पत्रा सापडला, जेमतेम ५-६ सेंटिमीटरचा, छातीवर ठेवलेला, आणि त्यावर चक्क पाताळातला रस्ता लिहिलाय. पांढऱ्या सायप्रसच्या झाडाजवळच्या झऱ्याकडे फिरकू नकोस, पुढे स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी माग, राखणदारांनी विचारलं तर सांग की मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू. नंतर तत्त्वज्ञ प्लेटोने आत्मा अमर असल्याचं तर्काने मांडलं, आणि ख्रिस्ती विचारवंतांनी ते बरंचसं उचललं. मेलेलं शरीर पुन्हा उठणार ही कल्पना मात्र यहुदी, अथेन्समध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलने ती सांगितली तेव्हा काही जण हसले असं बायबलच सांगतं. त्याच भाषणात त्याने देवाबद्दल ‘आपण त्याचीच लेकरं’ अशी ओळ घेतली, ती ग्रीक कवी अराटसच्या ग्रह-ताऱ्यांवरच्या कवितेतली आणि मूळची झ्यूसबद्दलची!

मग तेच आश्वासन असताना ग्रीक पंथ का पसरले नाहीत? अथेन्सपासून २० किलोमीटरवरच्या एल्युसिसचंच बघा. डिमिटर देवीची दीक्षा तिथेच, वर्षातून एकदाच मिळायची, ग्रीक भाषा यायलाच हवी, खर्च वेगळा, आणि आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही. बोलायचंच नाही तर शेजाऱ्याला ओढणार कसं? ख्रिश्चनांकडे जमायला कुणाचंही घर चालायचं, आणि बोलायचं नाही कसलं, सांगत सुटायचं!

इथे माझं आवडतं गणित येतं. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी धरलं की इ.स. ४० मध्ये ख्रिश्चन होते १०००, आणि दर दहा वर्षांनी वाढ ४० टक्के, म्हणजे वर्षाला साधारण ३.४ टक्के. बँकेतल्यासारखं व्याजावर व्याज चढत राहतं. इ.स. १०० ला ७५००, म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नाहीत, २०० ला सव्वादोन लाखांच्या आत, आणि ३०० ला ६३ लाख, रोमन साम्राज्याची लोकसंख्या सहा कोटी धरली तर दहा टक्के. वाढीचा दर तोच आहे हां, शेवटी स्फोट झाल्यासारखा दिसतो इतकंच. म्हणून रोमचा बादशहा कॉन्स्टन्टाइन ख्रिश्चन धर्माकडे वळला म्हणून सगळे वळले हे उलटं असू शकतं, ३१२ साली तो वळला तेव्हा गर्दी आधीच जमली होती. स्टार्क यांचा आणखी एक मुद्दा, नवीन धर्मात ओळखीचं जितकं जास्त तितका तो पचायला सोपा, आणि अमर आत्मा, दीक्षा, एकत्र जेवण हे ग्रीक माणसाला ओळखीचंच होतं.

अर्थात सुरुवातीचे १००० हा अंदाज आहे, जनगणना नाही. आणि हे सूत्र फार पुढे ताणायचं नाही, ३५० ला ३.४ कोटी ठीक, पण ३७० ला उत्तर ६.६ कोटी येतं, साम्राज्यात तेवढी माणसंच नव्हती.