स्नोशू-चालन

पायांना रुंद चौकटी (स्नोशू) बांधून मऊ बर्फावरून चालण्याचा हिवाळी व्यायामप्रकार. चौकटीमुळे शरीराचा भार पसरतो व पाऊल कमी रुतते. बुटाचा पुढचा भाग बिजागरीला जखडलेला असतो, टाच मोकळी राहते. पकड मिळावी म्हणून तळाला दाते असतात.

स्नोशूचा उगम मध्य आशियात, सुमारे चार ते सहा हजार वर्षांपूर्वी झाला असावा, असे पूर्वीपासून मानले जाते. लाकूड व कातडे फार काळ टिकत नसल्याने पुरावा तुटपुंजा आहे. इटलीच्या दक्षिण टायरोल भागात हिमनदीवर २००३ साली सापडलेला भूर्जकाष्ठाचा स्नोशू मात्र इ.स.पू. ३८००–३७०० या काळातला, म्हणजे जवळपास तितकाच जुना ठरला. त्यामुळे ही युक्ती वेगवेगळ्या हिमप्रदेशांत स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या व्यायामाचे मोल रुतण्यात आहे. पँडॉल्फ हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या, जमिनीनुसार चालण्याचे श्रम किती वाढतात हे दाखवणाऱ्या गुणांकांनुसार डांबरी रस्त्याला १ धरल्यास सुट्या वाळूला २.१, पाऊल १५ सेंमी. रुतणाऱ्या बर्फाला सुमारे २.५ आणि ३५ सेंमी. रुतणाऱ्या बर्फाला सुमारे ४.१ येतो. स्नोशू हे श्रम घटवतो, पण त्याचे स्वतःचे वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते. विश्रांतीच्या तुलनेत ऊर्जाखर्च किती पट, याबाबत ‘कंपेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ या प्रमाण कोष्टकाच्या आवृत्त्यांत फरक आढळतो : २००० च्या आवृत्तीत सरसकट ८, तर २०११ च्या आवृत्तीत मध्यम चालीला ५.३ व जोरकस चालीला १०. चालीचा जोर वेगळा धरणारे नंतरचे आकडे स्वीकारणे उचित. रस्त्यावरच्या साध्या चालीला हा आकडा साधारण ३.५ असतो. पाऊल बर्फात दबत टेकत असल्याने गुडघ्यांना हादरे कमी बसतात, हाही मोठा लाभ.

सह्याद्रीत भटकणारे मुंबईतले ट्रेकर हिवाळ्यात गुलमर्गला किंवा हिमाचलात गेले, की त्यांची या प्रकाराशी गाठ पडते. तयारीसाठी गिरगाव वा जुहू चौपाटीची वाळू उत्तम. त्यातही भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी, भुसभुशीत वाळू निवडावी. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, तिच्यात पाऊल रुतत नाही. गुडघा जरा वर घेत, पावले फाकवून चालावे. स्नोशूच्या रुंदीमुळे बर्फात अशीच चाल पडते आणि कमरेच्या बाजूचे, जांघेचे स्नायू भरून येतात; रेल्वेचे पूल रोज चढणाऱ्यांचेही हे स्नायू एरवी कच्चेच राहतात. विरळ हवेची सवय मात्र वाळूवर होत नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मी. उंचीवर आहे. समुद्रसपाटीवरून थेट तिथे पोचणाऱ्याने पहिले एक-दोन दिवस संथ चालावे व थंडीत तहान लागत नसली तरी पाणी पीत राहावे.