हवाई कसरती आणि जुनी लष्करी विमाने : पार्श्वभूमी

हवाई प्रात्यक्षिके पाहायला जाणाऱ्याची नजर दोन गोष्टींवर खिळते. पंखाला पंख भिडवून गिरक्या घेणारे लष्करी वैमानिकांचे पथक ही पहिली, आणि त्या पथकाच्या आधी किंवा नंतर संथपणे मैदानावरून जाणारे एखादे जुने, पंख्याचे विमान ही दुसरी. साताऱ्याहून किंवा सांगलीहून हे पाहायचे तर मुंबई गाठावी लागते, नाहीतर महामार्ग धरून बंगळूरजवळच्या येलहंका तळापर्यंत जावे लागते. कारण कराडची धावपट्टी लहान आहे आणि कवलापूरची कित्येक वर्षे वापराबाहेर आहे. तरीही या दोन्ही गोष्टींच्या इतिहासात सातारा, सांगली आणि शेजारचे कोल्हापूर यांचे धागे इतके खोलवर गुंतलेले आहेत की, ते माहीत असणाऱ्याला समोरचे दृश्य अधिक नीट कळेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विमान उडताना पाहायला गर्दी करण्याची हौस विमानाइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रॅन्स शहराजवळ आठवडाभर विमानांच्या स्पर्धा झाल्या आणि त्या पाहायला लाखोंनी लोक जमले. भारतात १९११ मध्ये अलाहाबादच्या प्रदर्शनासाठी काही विमाने आणण्यात आली होती. त्यांपैकी एक घेऊन आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने १८ फेब्रुवारी रोजी सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला पोहोचवली, आणि जगातील पहिली अधिकृत विमानटपाल म्हणून तिची नोंद झाली. पहिल्या महायुद्धानंतर तर रिकामे झालेले वैमानिक आणि स्वस्तात विकली जाणारी लष्करी विमाने यांच्या जोरावर गावोगाव फिरून कसरती दाखवण्याचा आणि पैसे घेऊन लोकांना विमानात बसवून फिरवण्याचा धंदाच उभा राहिला. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले नेव्हिल व्हिन्सेंट १९२० च्या दशकाच्या अखेरीस असाच धंदा करत भारतात फिरत होते. त्यांनी सुचवलेली विमानटपालीची योजना जे. आर. डी. टाटा यांनी उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा स्वतः पुस मॉथ विमानाने कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले आणि पुढची टपाल व्हिन्सेंट यांनी बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेली. देशातील नागरी विमानसेवेची सुरुवात अशी एका कसरतपटूच्या कल्पनेतून झाली. पुढे १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी लेपर्ड मॉथ हे जुने विमान एकट्याने चालवत कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. जुने विमान प्रत्यक्ष उडवून इतिहास जागवण्याचे यापेक्षा ठळक उदाहरण आपल्याकडे सापडणे कठीण आहे.

लष्करी पथकांचा प्रवास वेगळ्या गरजेतून सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हवाई दल स्वतंत्र ठेवावे की पुन्हा भूदल आणि नौदलात वाटून टाकावे, असा वाद होता. लोकमत आपल्या बाजूला वळवण्यासाठी त्या दलाने १९२० पासून लंडनजवळच्या हेंडन येथे दरवर्षी प्रात्यक्षिके भरवली. एकमेकांना चिकटून उडण्याची कला युद्धासाठीच शिकवली जात होती. तीच लोकांसमोर मांडली गेली. जेट विमाने आल्यावर या कलेला निराळीच धार चढली. १९५८ मध्ये फार्नबरो येथे ब्रिटनच्या ‘ब्लॅक ॲरोज’ पथकाने बावीस हंटर विमानांची एकत्र लूप, म्हणजे हवेतले उभे वर्तुळ, घेतली. ‘रेड ॲरोज’ हे त्यांचे आजचे पथक १९६५ पासून लोकांसमोर आले, आणि त्यांचे पहिले विमान होते नॅट.

नॅट आणि हंटर ही नावे मराठी वाचकाला कसरतींमुळे परिचित झालेली नाहीत. ती १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे माहीत आहेत, आणि येथे आपल्या मुलखाचा पहिला धागा लागतो. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कराड ही कर्मभूमी असलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूच्या सीमेवरील छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दल वापरण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. त्यांतली व्हॅम्पायर ही १९४८ मध्ये भारतात आलेली जुनी जेट विमाने होती. त्यांतली चार त्या दिवशी परतली नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजण्यासाठी नॅट पुढे करण्यात आली आणि त्यांनी नाव कमावले. म्हणजे ज्या वर्षी लाल रंगातील नॅट इंग्लंडच्या प्रेक्षकांसमोर गिरक्या घेत होती, त्याच वर्षी त्याच जातीची विमाने पंजाबच्या सीमेवर लढत होती. हंटरचेही तसेच झाले. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला येथे जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी रणगाड्यांचा हल्ला मोडून काढला, आणि १९८२ मध्ये भारतीय हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ‘थंडरबोल्ट्स’ हे पथक उभारण्यात आले तेव्हा त्याच्या हाती नऊ हंटरच होती. हे पथक १९८९ पर्यंत टिकले.

त्यानंतरचे पथक ‘सूर्यकिरण’. मे १९९६ मध्ये बिदर येथे स्थापन झालेल्या या पथकाचे विमान होते एचजेटी-१६ किरण, म्हणजे नव्या वैमानिकांना जेट विमान शिकवण्यासाठी देशातच घडवलेले विमान. त्याच्या घडणीमागचे नाव आपल्याकडे व्हायला हवे तितके घेतले जात नाही, ही खंत येथे नोंदवली पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावी जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतील गोटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी भारतीय विमानरचनेचा पाया घातला. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे त्यांच्याच आराखड्याचे विमान होते, आणि सप्टेंबर १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेले किरणही त्यांच्याच नेतृत्वाखाली आकाराला आले. ही हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, ज्यांचे नाव सांगलीच्या विश्रामबागमधील अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने ती ताब्यात घेतली. १९६४ मध्ये तिचेच रूपांतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स या कंपनीत झाले.

कसरतींचे पथक प्रशिक्षणाच्या विमानांवर उभे असल्याने प्रशिक्षणाची अडचण आली की पहिला घाव त्याच्यावर पडतो, हे ‘सूर्यकिरण’च्या वाट्याला आले. जुलै २००९ मध्ये झालेल्या एका अपघातानंतर प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ विमाने जमिनीवर ठेवावी लागली. नव्या वैमानिकांना पहिल्या टप्प्यापासूनच किरणवर शिकवण्याची वेळ आली, आणि त्यासाठी पथकाची विमाने हवी होती. फेब्रुवारी २०११ मध्ये येलहंका येथील ‘एअरो इंडिया’ या विमान प्रदर्शनानंतर पथक थांबवण्यात आले. त्या वेळी हवाई दलप्रमुखपदावर एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक होते. ते साताऱ्याच्या सैनिक शाळेचे माजी विद्यार्थी. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली ही शाळा देशातील पहिली सैनिक शाळा. पथक थांबल्याने प्रेक्षक हळहळले, तरी विमाने वर्गात लागत असताना ती कसरतींसाठी अडवून न ठेवणे हेच योग्य होते. पुढे प्राथमिक प्रशिक्षणासाठी पिलाटस विमाने आली, प्रशिक्षणाची घडी बसली, आणि २०१५ मध्ये ‘सूर्यकिरण’ हॉक या प्रशिक्षणाच्या जेट विमानांवर पुन्हा उभे राहिले. प्रारंभी चार विमाने होती, ती वाढत नऊ झाली. ही हॉकही बंगळूरलाच परवान्यानुसार बनलेली आहेत आणि ‘रेड ॲरोज’ही १९८० च्या सुमारापासून हॉकच उडवत आले आहेत.

शेपटीमागे सुटणारा धूर हा शोभेपुरता आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात डिझेल सोडले की त्याची वाफ होऊन पांढरा पट्टा उमटतो. रंग हवा असल्यास त्यात रंगद्रव्य मिसळतात. विमान कोणत्या मार्गाने गेले ते या पट्ट्यामुळे प्रेक्षकाला दिसत राहते, आणि समोरासमोरून येणाऱ्या वैमानिकांनाही एकमेकांना लवकर हेरता येते. हेलिकॉप्टरचे ‘सारंग’ पथक २००३ मध्ये ध्रुव हेलिकॉप्टरांसह सुरू झाले. नौदलाचे ‘सागर पवन’ हे पथकही किरण विमानेच वापरत असे. मार्च २०१० मध्ये हैदराबादच्या बेगमपेठ येथे प्रात्यक्षिक चालू असताना त्यातील एक विमान वस्तीत कोसळून दोन्ही वैमानिक गेले.

अपघातांचा विषय टाळून ही पार्श्वभूमी पूर्ण होत नाही. प्रेक्षकांनी कोठे उभे राहायचे, विमानाने गर्दीच्या दिशेने वळायचे की नाही, हे आजचे नियम जीव गमावून शिकलेले आहेत. सप्टेंबर १९५२ मध्ये फार्नबरो येथे एक विमान हवेतच फुटले, त्याचे इंजिन गर्दीत येऊन पडले आणि विमानातील दोघांसह एकतीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ब्रिटनमध्ये गर्दीपासूनचे अंतर आणि उंची यांचे कडक नियम झाले. १९८८ मध्ये जर्मनीतील रामश्टाइन येथे इटलीच्या पथकाची विमाने एकमेकांवर आदळली, आणि त्यांतले एक प्रेक्षकांत शिरले. सत्तर जण गेले. २००२ मध्ये युक्रेनमधील ल्विव्हजवळ सुखोई-२७ गर्दीत कोसळून सत्त्याहत्तर माणसे मरण पावली. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडच्या शोरम येथे जुने हंटर विमान मैदानाबाहेरच्या हमरस्त्यावर आदळले, तेव्हा प्राण गेलेले अकरा जण तिकीट काढून आत आलेले प्रेक्षक नव्हते. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये जुन्या जेट विमानांना समुद्राऐवजी जमिनीच्या वरून होणाऱ्या प्रात्यक्षिकांत साध्या उड्डाणापुरतेच मर्यादित करण्यात आले. आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एअरो इंडिया’च्या आदल्या दिवशी सराव करताना ‘सूर्यकिरण’ची दोन विमाने आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांना वीरमरण आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावरील प्रात्यक्षिकांच्या दिवशी आकाशात सर्व काही सुरळीत पार पडले, पण खाली प्रचंड गर्दी आणि उन्हाने पाच प्रेक्षकांचा बळी घेतला. पाणी, सावली आणि बाहेर पडण्याच्या वाटा हाही प्रात्यक्षिकाच्या आखणीचा भाग मानला पाहिजे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

जुन्या विमानांची कहाणी आपल्यासाठी अधिक अस्वस्थ करणारी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची अनेक बॉम्बफेकी विमाने कानपूरला निकामी करून टाकून देण्यात आली होती. बंगळूरच्या कारागिरांनी त्यांतून सुमारे चाळीस विमाने पुन्हा उडण्याजोगी केली, आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात इतरत्र ही विमाने भंगारात गेली असल्याने भारतातून बाहेर गेलेली लिबरेटर आज ब्रिटन आणि अमेरिकेच्या संग्रहालयांत उभी आहेत. अमेरिकेच्या प्रदर्शनांत दीर्घकाळ उडत राहिलेले एक लिबरेटरही एके काळी भारतीय हवाई दलाचेच. स्पिटफायर आणि टेम्पेस्ट या लढाऊ विमानांचीही कथा फार वेगळी नाही. जी विमाने आपण जगवली, ती उडताना पाहण्यासाठी परदेशात जावे लागते, ही बाब मनाला लागते.

हवाई दलाने दिल्लीच्या पालम येथे जुन्या विमानांची तुकडी ठेवली खरी, पण तिची उड्डाणे मध्यंतरी थांबली. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आलेल्या टायगर मॉथने तिला पुन्हा चालना दिली. मे २०१८ मध्ये तिच्यात डकोटा हे जुने वाहतुकीचे विमान आले. ते भंगारातून मिळवून दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिले ते तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी, ज्यांचे वडील स्वतः डकोटाचे वैमानिक होते. या विमानाला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक.

सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाने मात्र हे डकोटा पाहताना आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील तंगाईल येथे विमानांतून उतरलेली छत्रीधारी पलटण ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, नंतरची २ पॅरा (मराठा), होती, आणि तिला नेणाऱ्या विमानांत डकोटाही होती. जानेवारी २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत ‘परशुराम’ने दोन डॉर्नियर विमानांसह जी रचना उडवली तिचे नाव ‘तंगाईल’ होते. मिलिटरी अपशिंगेसारख्या सैनिकांच्या गावांच्या या मुलखात आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ कराडमध्ये होणाऱ्या विजय दिवस समारोहात १९७१ चे नाव अजूनही आपलेपणाने घेतले जाते. त्या रचनेचा अर्थ येथील घरांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता मिग-२१ चा प्रश्न समोर आहे. चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६३ मध्ये, दाखल झालेले आणि पुढे नाशिकजवळच्या ओझर येथे सहाशेहून अधिक संख्येने बनलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. चौकाचौकांत आणि शाळांच्या आवारात त्याचे सांगाडे बसवले जातील. पण इंजिनांचे आयुष्य, सुटे भाग आणि त्यावर हात बसलेले तंत्रज्ञ हे सर्व अजून उपलब्ध आहे, तोवर ओझरला बनलेले एक तरी मिग उडते राखण्याचा निर्णय व्हायला हवा. शोरमनंतर ब्रिटनने स्वीकारलेली मर्यादा, म्हणजे गिरक्या नाहीत, गर्दीपासून दूर केवळ सरळ उड्डाण, ती येथेही पाळता येईल. लिबरेटरच्या वेळी हा विचार झाला नाही. मिगच्या बाबतीत तो करण्यासाठी हाताशी असलेली वर्षे फार नाहीत.