निर्दोष उपचारातील हानी आणि चिकित्सकाचा मनोभार

उपचारात कोणतीही चूक नसताना रुग्णाला इजा झाली किंवा मृत्यू आला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ यांच्या मनावर राहणारा भार. झोप उडणे, प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणे, पुढच्या रुग्णाला तेच औषध देताना कचरणे ही त्याची नेहमीची लक्षणे.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध हे याचे ठळक उदाहरण. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ते घेतलेल्या ६.४ टक्के रुग्णांना मेंदूत लक्षणे दिसण्याइतका रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. तरीही तीन महिन्यांनी औषध घेतलेल्यांची प्रकृती एकंदरीत सरस होती. म्हणजे औषध देणे योग्यच, आणि ते देणाऱ्या कोणाच्या तरी हातून रक्तस्राव होणार हेही ठरलेलेच. टक्केवारी आधी माहीत होती, म्हणून त्या रात्री शिरेत औषध सोडणाऱ्याचे दुःख हलके होत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये अशा खंतीचे विवेचन केले. काहीही दोष नसताना ज्याच्या लॉरीखाली मूल सापडले, त्या चालकाला वाटते ते बघ्याला वाटत नाही. आपण त्याची समजूत घालतो, पण ती त्याला फार लवकर पटली तर आपल्यालाच खटकते. ‘तुमची काही चूक नव्हती’ हे सहकाऱ्यांचे वाक्य खरे असूनही अपुरे पडते ते यामुळेच. प्रश्न दोषाचा नसतोच. हे आपल्या हातून घडले, याचा असतो.

अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये चुकीने खचलेल्या डॉक्टरांना ‘दुसरा बळी’ म्हटले. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठातील सुसान स्कॉट यांच्या २००९ च्या अभ्यासाने त्या व्याख्येत अनपेक्षित दुष्परिणामही धरले. या संज्ञेने रुग्णाचे दुःख झाकले जाते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे.

चूक झाली तर चौकशी, माफी, भरपाई असे मार्ग असतात. चूक नसेल तर फाइल बंद होते आणि डॉक्टर एकटा उरतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०११ पासून सहकाऱ्यांकडून मानसिक आधाराची सोय आहे. कुटुंबाशी मोकळे बोलणे मात्र बहुतेक ठिकाणी अवघडच, कारण ‘मला फार वाईट वाटते’ हे शब्दही कबुली ठरतील अशी भीती असते. अपघाताबद्दलची सहानुभूती दिवाणी दाव्यात जबाबदारीची कबुली मानू नये, असा कायदा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्ये केला.