लॅपटॉप बंद पडला. फायली अजून आत आहेत

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधली सगळी ड्रॉइंगं आणि सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे, प्रोग्रॅम एकाच जुन्या लॅपटॉपवर असतात. निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराच्या फवारणीच्या नोंदी, निर्यातीची कागदपत्रं आणि मुलीच्या लग्नाचे फोटोही असेच एका डिस्कवर साठलेले असतात. मग एक दिवस बटण दाबलं तरी दिवासुद्धा लागत नाही. दुकानदार तपासून सांगतो, “मदरबोर्ड गेला.” ऐकणारा हाय खातो, पण खरं म्हणजे ही बरी बातमी आहे. अशा जुन्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, तुमच्या फायली नसतातच.

त्या असतात हार्ड डिस्कवर, आणि तिथे टिकून राहायला त्यांना वीज लागत नाही. डिस्कच्या आत काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती असते, तिच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर. या थरातले कण कोणत्या दिशेने चुंबकित झाले आहेत, त्यावरून शून्य आणि एक वाचले जातात. बोर्ड जळला म्हणून ती दिशा बदलत नाही.

ही चुंबकीय नोंद किती चिवट असते, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अवशेषांमध्ये ४०० एमबीची एक हार्ड डिस्क सापडली. तिचं सील वितळलं होतं, आत धूळ शिरली होती, चकत्यांवर खड्डे पडले होते. तज्ज्ञांनी चकत्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती बाहेर काढली. त्या संगणकावर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम होती. डॉस माहिती डिस्कभर विखरून ठेवत नसे, त्यामुळे खड्डे पडले ते बहुतेक रिकाम्या जागी. ही माहिती यानात झालेल्या झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची होती, आणि तो प्रयोग २००८ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला.

तेव्हा नुसता मदरबोर्ड गेला असेल, तर काम सोपं आहे. लॅपटॉपची अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) डिस्क काढायची, यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीची वायर असलेल्या डब्यात, बसवायची आणि चालू संगणकाला जोडायची. तिला लागणारी ५ व्होल्टची वीज यूएसबीतूनच मिळते. पडद्यावर “फॉरमॅट करायचं का?” असं विचारलं, तर नाही म्हणायचं. फायली काढायच्या त्या दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कवर कधीच नाही.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर मात्र लगेच वीज तोडा. लॅपटॉपमधली चकती साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपला केस असतो सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड. चालू लॅपटॉप पडला आणि हेड वाकलं, की पुढच्या प्रत्येक फेऱ्यात ते चुंबकीय थर खरवडू शकतं. “आणखी एकदा चालू करून बघू” म्हणण्यात जितकी माहिती जाते, तितकी मूळ बिघाडातही जात नसेल, असं माझं मत आहे. अशी डिस्क घरच्या टेबलावर उघडायची नसते. हेड बदलण्याचं काम धूळमुक्त खोलीतच होतं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्लाही विसरा, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डिस्कखालचा हिरवा बोर्ड नुसता दुसऱ्या डिस्कचा लावूनही सहसा चालत नाही, कारण त्यावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं असतात. ती चिपही हलवावी लागते.

नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुती बुडतो, सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरतं. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका. पाणी उडून जातं, पण गाळ आणि क्षार चकतीवर घट्ट बसतात. ती ओलसर असतानाच पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे द्यावी.

डिस्क फिरते आहे पण अडखळते आहे, अशा वेळी फायली एकेक करून उचलण्यापेक्षा आधी पूर्ण डिस्कची प्रत काढतात. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. बागेत खुडणी करताना हाताशी आलेले चांगले घड आधी उतरवावेत आणि अडचणीतल्या वेलींकडे नंतर वळावं, तसं ते आधी नीट वाचता येणारे भाग घेतं, खराब भागांची नोंद ठेवतं आणि शेवटी त्यांच्यावर पुन्हा प्रयत्न करतं.

नव्या लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. तिथे चकतीच नसते, तिच्या जागी चिपची बनलेली एसएसडी असते. एसएसडीच्या चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. काही मॉडेलांत या चिप बोर्डालाच पक्क्या जोडलेल्या असतात, तिथे आधी बोर्ड जिवंत करावा लागतो. एसएसडी सुटी निघाली तरी अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये तिच्यावरची माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते आणि किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. बोर्ड गेला की ती किल्लीही गेली. मग लागते ४८ अंकी रिकव्हरी की. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते आणि दुसऱ्या कुठल्याही संगणकावरून लॉगिन करून पाहता येते. लॅपटॉप कंपनीचा असेल, तर आधी आयटी विभागाला विचारा.