लेन्स घेण्याआधी एक सकाळ तिच्यासोबत काढा

पक्ष्यांचे फोटो काढायला कॅमेरा बघायला येणारे बहुतेक जण काउंटरवर पहिला प्रश्न विचारतात, "बॉडी कुठली घेऊ?" आमचं म्हणणं असं, की आधी लेन्स ठरवा. हाती असलेल्या पैशांतला मोठा वाटा लेन्सवर घाला आणि उरलेल्यात बॉडी बसवा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलावीशी वाटते, चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरते. आणि लेन्स दुकानात ठरवू नका, एक दिवस भाड्यानं नेऊन तळ्यावर वापरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली समोरच्या भिंतीवर फोकस घेतला तर सगळ्याच लेन्स छान वाटतात. यंत्र हातात घेऊन, चालवून पारखायची आपल्या गावाला जुनी सवय आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच, कोल्हापुरात, स्वतः बनवला होता.

पक्ष्यांसाठी किमान ४०० मिमीपर्यंत पोहोचणारी लेन्स हवी. त्याखाली रंकाळा तलावातली पाणकोंबडी फोटोत ठिपक्याएवढी येते. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर ४०० मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, साधारण ६०० मिमीइतकी होते, म्हणून कमी बजेटमध्ये क्रॉप सेन्सर हा अगदी योग्य पर्याय आहे. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावून पल्ला वाढवता येतो, पण त्यात एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो. कळंबा तलावाच्या उघड्या पाण्यावर ते चालून जातं. दाजीपूरच्या जंगलातल्या दाट झाडीत सकाळी आठलाही उजेड इतका कमी असतो, की एफ/५.६ची लेन्स एफ/८ झाली (हा आकडा वाढला की प्रकाश कमी येतो) तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कुठच्या कुठे वाढवावी लागते आणि पिसांचा पोत निघून जातो. तुम्ही जास्त वेळ तळ्यावर जाणार की जंगलात, हे आम्ही म्हणूनच आधी विचारतो.

वजनाचं गणित कागदावर कळत नाही. १५०-६०० किंवा २००-६०० प्रकारच्या झूम लेन्स साधारण दोन किलोच्या असतात, वर बॉडीचं वजन वेगळं. कॅनन आरएफ १००-४०० जेमतेम ६३५ ग्रॅमची आहे. तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, लहान आहे, तरी पंचगंगेच्या काठानं रोज तासभर चालणाऱ्या माणसाला आम्ही तीच सुचवू. जड लेन्स महिन्याभरानं कपाटात राहिलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. ट्रायलच्या वेळी ती डोळ्याला लावून सलग एक मिनिट धरा. हात थरथरू लागला तर मोनोपॉडचा, म्हणजे एका पायाच्या स्टँडचा, खर्च आत्ताच धरा. गाडीतून फोटो काढणार असाल, तर खिडकीवर ठेवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवीसुद्धा उत्तम काम देते.

तळ्यावर काय करून बघायचं

सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीमागून येतं. पहिला बगळा घ्या. मागचं पाणी काळसर असलं की कॅमेरा फोटो उजळवतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफटक होतात, एकही पीस वेगळं दिसत नाही. फोटो उजळ-गडद करणारा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा डायल दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना तो डायल बोटाला सापडतो का, हीच बॉडीची खरी परीक्षा. त्यासाठी दर वेळी कॅमेरा खाली घ्यावा लागत असेल, तर ती बॉडी तुमच्या हातासाठी नाही.

मग घार. ती संथ घिरट्या घालते, त्यामुळे फोकस धरून ठेवायचा सराव तिच्यावर छान होतो. शटर १/२०००, कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यामागे फिरत राहणारा), सलग वीस फोटो. त्यांतल्या किती फोटोंत डोळा शार्प आहे ते मोजा. हाच आकडा दुसऱ्या लेन्सवरही काढा, म्हणजे तुलना होते. त्यानंतर तारेवरचा वेडा राघू. तो किडा पकडून पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, म्हणून उडतानाचा क्षण टिपायला अनेकदा संधी मिळते. शेवटी झुडपातला एखादा बुलबुल शोधा. पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखणाऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीही पक्ष्याच्या आड आलेलं झाडाचं पान पकडून बसतात. तेव्हा सिंगल पॉइंटवर, म्हणजे एकाच बिंदूच्या फोकसवर, किती झटकन जाता येतं ते पाहा.

लेन्सच्या बाजूची बटणं समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी स्वतः एकदा नवी झूम लेन्स तशीच उचलून राधानगरीच्या जंगलात घेऊन गेलो होतो. धनेशाची जोडी समोरून सरळ डोक्यावर आली आणि लेन्स फोकसच घेईना. पिशवीतून काढताना फोकस लिमिटरचं (फोकस ठरावीक अंतरापुरताच ठेवणारं) बटण जवळच्या अंतरावर सरकलं होतं. ती जोडी पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून लेन्स हातात देण्याआधी ते बटण आम्ही प्रत्येकाला बोट ठेवून दाखवतो.

सेकंड हँड लेन्स घेताना दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. मग कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातली बॅग म्हणजे बुरशीला आवतण. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढं पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा प्यायलेले असतात. गरम करून सुकवले की पुन्हा वापरता येतात.

एक गोष्ट आम्ही आग्रहानं सांगतो. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत बिथरलेला पक्षी अंडी सोडून जातो. अशा फोटोसाठी आमच्याकडून लेन्स भाड्यानं मिळणार नाही.

ट्रायलसाठी लेन्स एका दिवसाच्या भाड्यानं देतो. तीच लेन्स घेतलीत तर भाडं बिलातून वजा होतं. येताना स्वतःची बॉडी असल्यास ती, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं मेमरी कार्ड आणि ओळखपत्र आणा. फोटो तुमच्याच कार्डवर राहू द्या आणि घरी कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून निवांत पाहा. दहाच्या पुढे पाण्यावरची तापलेली हवा हलू लागते आणि लांबचे फोटो कुठल्याही लेन्सनं मऊ येतात, ते लेन्सच्या खात्यावर टाकू नका. लेन्स आदल्या संध्याकाळी घेऊन जा, म्हणजे उजाडायला तुम्ही काठावर असाल.