‘पाळी उनी नही’ : एका निदानाची पार्श्वभूमी

“पोरले अजून पाळी उनी नही.” म्हणजे पोरीला अजून पाळी आलेली नाही. धुळ्या-नंदुरबारकडच्या ओपीडीत आई हे दाराकडे बघत, दबक्या आवाजात सांगते. बहुतेकदा लग्नाची बोलणी सुरू झाल्यावरच. पोरगी सोळा-सतराची, अंगानं नीट भरलेली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, दर महिन्याला पोट दुखतं का?

दुखत असेल, तर पाळी बहुधा येतेच आहे, फक्त बाहेर पडायला वाट नाही. योनिमुखाचा पडदा पूर्ण बंद असेल तर लहानशा छेदानं कित्येक महिन्यांचं साठलेलं, काकवीसारखं काळपट घट्ट रक्त वाहून जातं. आत आडवा जाड पडदा असेल, तर काम बरंच अवघड. दुखतच नसेल, तर इतर कारणांबरोबर गर्भाशय मुळातच नसण्याची शक्यता तपासावी लागते. गावानं मात्र दोघींनाही एकच शब्द लावलेला असतो.

हा गुंता वैद्यकालाही हळूहळूच उलगडला. १८३० साली योहानेस म्युलर यांनी भ्रूणातल्या दोन नळ्यांचं वर्णन केलं. त्या खाली जुळून गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग होतो, तर मोकळ्या राहिलेल्या वरच्या टोकांच्या गर्भनलिका होतात. बीजांडकोश या नळ्यांपासून बनत नाहीत, त्यामुळे ते आणि त्यांची संप्रेरकं शाबूत राहतात. म्हणूनच गर्भाशय नसलेल्या मुलीचीही छाती भरते आणि घरात कुणाला शंका येत नाही. मायर (१८२९), रोकिटान्स्की (१८३८), क्यूस्टर (१९१०) आणि हाउझर (१९६१) या चौघांच्या नावांवरून या अवस्थेला एमआरकेएच म्हणतात. प्रमाण साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एक. रोकिटान्स्कींना ती शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसली होती. जिवंत मुलीच्या पोटात न कापता बघायला सोनोग्राफी यावी लागली.

अशा मुलींची योनीही नसते किंवा तोकडी असते. तिच्या उपचारात १९३८ हे साल महत्त्वाचं. प्लास्टिक सर्जन मॅकइंडो यांनी साच्यावर कातडी बसवून योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट फ्रँक यांनी साधा उपाय सांगितला : मुलीनं स्वतःच्या हातानं, साधनानं रोज थोडा थोडा दाब देत योनी खोल करायची. आज बहुतेक ठिकाणी पहिला उपाय हाच मानतात, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वात शहाणा वाटतो. अडचण एवढीच की त्याला महिनोन्‌महिने चिकाटी लागते आणि कडी लावता येईल अशी खोली लागते. एकत्र कुटुंबातल्या दोन खोल्यांत ती आणायची कुठून? मग आई म्हणते, “लग्नाआधी ऑपरेशनच करून टाका.”

नळ्या अर्धवटच जुळल्या, तर गर्भाशय दुभंगलेलं राहतं. असं दुभंगलेलं गर्भाशय एक करण्याची शस्त्रक्रिया स्ट्रासमान यांनी १९०७ मध्ये वर्णिली. पण रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेत दुभंगलेलं गर्भाशय आणि आत पडदा असलेलं गर्भाशय सारखंच दिसतं, कारण बाहेरचा आकार त्यात उमटत नाही. पडदा दुर्बिणीतून कापता येतो. दुभंगलेल्या गर्भाशयात तसंच कापायला गेलं तर ते फाटायचं. त्रिमितीय सोनोग्राफी आणि एमआरआय आल्यावर हा घोळ बराच मिटला.

२०१७ मध्ये पुण्यात गर्भाशय प्रत्यारोपण झालं, त्याची बातमी खानदेशातही चवीनं वाचली गेली. पण तपासणीला आलेल्या मुलीसाठी त्याहून जवळची गोष्ट म्हणजे मूत्रपिंडं. भ्रूणात ती याच नळ्यांच्या शेजारी घडतात आणि असा दोष असलेल्या बऱ्याच मुलींना एकच मूत्रपिंड असतं. म्हणून सोनोग्राफीला पाठवतानाच चिठ्ठीवर लिहावं लागतं : दोन्ही मूत्रपिंडं बघा.