केसपेपरवरचा एक रकाना

केसपेपरवर 'धर्म' नावाचा एक रकाना असतो. त्यात एक शब्द भरला की पेन पुढे सरकतं: वय, वजन, रक्तदाब, आधीचे आजार, चालू औषधं. झोप लागते का, भूक लागते का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, हे सगळं विचारलं जातं. त्या एका शब्दामागे माणसाच्या मनात काय चाललंय, हे मात्र बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं.

एक प्रसंग कल्पू या. साठीच्या एक बाई. तरुण मुलगा गेला त्याला आठ महिने झालेत. झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन रमत नाही. नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, झोप थोडी सुधारली. बाकी सगळं जिथल्या तिथे. एका भेटीत समाजसेविका विचारते, "मावशी, एवढं सोसताना तुम्हाला आधार कशाचा वाटतो?" बाई बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "आधी देवाचा वाटायचा."

या 'आधी'पाशी थांबायला हवं. चाळीस वर्षं न चुकता प्रार्थना करणाऱ्या या बाईंनी मुलगा गेला त्या दिवसापासून देवाचं नाव घेतलेलं नाही. आपल्याच कुठल्याशा चुकीची ही शिक्षा आहे, असं त्यांच्या मनाने घेतलंय. घरी त्या हे बोलल्या नाहीत, कारण घरचे म्हणणार, असलं अभद्र बोलू नये. डॉक्टरांशी बोलल्या नाहीत, कारण असल्या गोष्टी दवाखान्यात काढायच्या नसतात अशी त्यांची समजूत. म्हणजे मुलगा गेल्याचं दुःख आहेच, शिवाय ज्याच्यापाशी जाऊन रडायचं तोही परका झालाय. आठ महिन्यांत हे दुसरं दुःख कुणाच्या कानावरही गेलेलं नाही.

केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलं. संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो, याच्या त्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या. पहिलीत माणसाला वाटतं की देव पाठीशी आहे, आपली माणसं सोबत आहेत, यातून आपण तरून जाऊ. दुसरीत वाटतं की देवाने आपल्याला टाकलंय, तो आपल्याला शिक्षा करतोय, किंवा कुठली तरी दुष्ट शक्ती मागे लागलीय. या दुसऱ्या अवस्थेला ते आध्यात्मिक संघर्ष म्हणतात. 2001 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या 596 रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. देवाचं आपल्यावर प्रेम उरलेलं नाही किंवा हा आजार सैतानाने आणला, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 19 ते 28 टक्क्यांनी जास्त आढळला. आजाराची तीव्रता आणि मनाची अवस्था हिशेबात धरूनही हा फरक उरला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. पण ज्या गोष्टीचा जगण्यामरण्याशी एवढा संबंध दिसतो, ती विचारायचीच नाही, याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

धर्म आणि मनाचे उपचार यांच्यात अंतर पडलं कसं? सुरुवातीला ते नव्हतं. 1796 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहराजवळ विल्यम ट्यूक या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या व्यापाऱ्याने मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचं उपचारगृह सुरू केलं. जिथे वेड्यांना साखळदंडांत ठेवायची रीत होती, तिथे त्याने त्यांना काम, मोकळी हवा आणि माणुसकीची वागणूक दिली. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश असतो, ही त्याच्या पंथाची श्रद्धा त्यामागे होती. पुढे 1907 साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने एका निबंधात धार्मिक विधी आणि मनोरुग्णाच्या त्याच त्या कृती यांची तुलना करून धर्माला सार्वत्रिक मनोविकृती ठरवलं, आणि 1927 मध्ये श्रद्धेला भ्रम म्हटलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1902 मध्येच धार्मिक अनुभवांचा अतिशय सहानुभूतीने अभ्यास मांडला होता, पण उपचारांच्या खोलीत वजन पडलं ते फ्रॉइडचं. समाजकार्याचंही असंच झालं. त्याची मुळं धर्मादाय संस्थांमधली. व्यवसाय म्हणून उभं राहताना त्याला शास्त्रीय ओळख हवी होती, आणि ती मिळवण्याच्या नादात देवाधर्माचा विषय 'खासगी' म्हणून बाजूला पडला.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो अँटन बॉइसन. हा अमेरिकन धर्मोपदेशक. 1920 साली त्याला तीव्र मनोविकाराचा झटका आला. जगाचा अंत जवळ आलाय असं त्याला वाटू लागलं आणि त्याला मनोरुग्णालयात भरती करावं लागलं. बरा होता होता त्याच्या लक्षात आलं की आपल्या भ्रमांत भीती होती, गोंधळ होता, पण त्यांत अर्थ शोधण्याची धडपडही होती. आणि त्या धडपडीबद्दल आपल्याशी बोलायला तिथे कुणी नव्हतं. बाहेर पडल्यावर तो वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून रुजू झाला. 1925 च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे काही विद्यार्थी घेऊन त्याने तिथे प्रशिक्षण सुरू केलं. हे विद्यार्थी वॉर्डात मदतनीसाचं काम करायचे आणि रुग्णांशी बोलायचे. ग्रंथ वाचता तशी ही जिवंत माणसं वाचायला शिका, असं तो त्यांना सांगे. आज अनेक देशांतल्या रुग्णालयांत रुग्णांच्या आध्यात्मिक गरजांसाठी प्रशिक्षित माणसं नेमलेली असतात, त्या परंपरेची सुरुवात करणाऱ्यांत हा एकेकाळचा रुग्ण आहे.

अधिकृत पातळीवर दार उघडायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत, 1994 मध्ये, 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी वेगळी नोंद आली. श्रद्धा डळमळणं, धर्मांतरानंतरची घालमेल, अशा गोष्टींसाठी माणूस मदत मागायला येऊ शकतो आणि तो मनोरुग्ण असेलच असं नाही, हे तिथे मान्य झालं. 2016 मध्ये जागतिक मनोविकार संघटनेचं निवेदन प्रसिद्ध झालं: रुग्णाच्या श्रद्धा आणि आचार यांची चौकशी हा हिस्टरी घेण्याचा नेहमीचा भाग असावा, आणि तज्ज्ञांनी आपली मतं, मग ती आस्तिक असोत की नास्तिक, रुग्णावर लादू नयेत.

धर्माने मनाला बरं वाटतं का, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. उत्तर सरळ नाही. अमेरिकेतल्या 89,708 परिचारिकांच्या 1996 ते 2010 या काळातल्या पाहणीत, आठवड्यातून किमान एकदा सामूहिक उपासनेला जाणाऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या सुमारे एक पंचमांश होतं. मात्र एकूण आत्महत्या मोजक्याच असल्याने आकडा जपून वाचावा लागतो. शिवाय उपासनेला जाणं म्हणजे ओळखीचे चेहरे, कुणी दिसला नाही तर चौकशी करणारी माणसं, आठवड्याला एक लय. यातलं औषध नेमकं कोणतं, हे वेगळं काढणं अवघड आहे. उलट बाजूला 2006 चा एक प्रयोग आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. त्याने काहीच फायदा झाला नाही, आणि आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंती 59 टक्के जणांना झाल्या. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना नक्की माहीत नव्हतं, त्या बाकी दोन गटांत हे प्रमाण 51-52 टक्के होतं. म्हणून 'प्रार्थना करा, बरे व्हाल' असं सांगणं हे उपचारकाचं काम नव्हे.

मग काम काय? ऐकणं, आणि ऐकलेलं उपचारात वापरणं. क्रिस्टिना पुकाल्स्की या डॉक्टर बाईंनी 1996 मध्ये सहकाऱ्यांबरोबर चार साध्या दिशांचे प्रश्न तयार केले: तुमची श्रद्धा कशावर आहे आणि जगण्याला अर्थ कशाने येतो, या आजारात त्या श्रद्धेचं महत्त्व किती, अशा विचारांची माणसं सोबत आहेत का, आणि उपचारात आम्ही हे कसं धरावं असं तुम्हाला वाटतं. देव न मानणाऱ्यालाही यांची उत्तरं देता येतात. कुणी संगीत म्हणेल, कुणी नातवंडं, कुणी चळवळ.

यासाठी उपचारक स्वतः श्रद्धाळू असावा लागतो का? रिबेका प्रॉप्स्ट यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्यातल्या 59 धार्मिक रुग्णांवर उपचार झाले. विचार आणि वर्तन बदलण्याची नेहमीची पद्धत रुग्णांच्या श्रद्धेच्या भाषेत वापरली गेली. त्यात धार्मिक नसलेल्या उपचारकांचे निकाल खूपच चांगले आले. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याची भाषा आदराने बोलता येणं पुरेसं आहे; तिच्यात जन्मावं लागत नाही. 2015 मध्ये दीर्घ आजार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 132 जणांवर हाच प्रयोग ख्रिस्ती, ज्यू, इस्लामी, बौद्ध आणि हिंदू अशा पाच परंपरांसाठी जुळवून केला गेला. धार्मिक आणि नेहमीची, दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगी पडल्या. अतिशय श्रद्धाळू रुग्णांना धार्मिक पद्धत किंचित जास्त मानवली. म्हणजे चमत्कार काही नाही, पण आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून आत यावं लागत नाही, एवढी सोय नक्की आहे.

आता जिथे चुकायची भीती जास्त, तिथे येऊ. ज्याला वैद्यकीय भाषेत ओसीडी म्हणतात, त्याला मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे, आणि त्या शब्दातच 'मंत्र' आहे. प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून ती तीस वेळा पहिल्यापासून म्हणणारा माणूस बाहेरून फार धार्मिक दिसतो, आतून तो भीतीने पिळून निघत असतो. त्याला 'एवढं देवदेव करू नका' म्हटलं तर तो उठून जाईल. अशा वेळी त्याच्याच परंपरेतल्या जाणत्या माणसाने 'एकदा म्हटली की पोचली' असं सांगितलं, तर उपचाराला बळ मिळतं. मात्र तो माणूस तेच आश्वासन रोज देत बसला, तर आजारालाच खतपाणी मिळतं. भ्रमाच्या बाबतीतही असंच. देवाचा आवाज ऐकू आला म्हणणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो. त्याच्या पंथातल्या इतरांना तो अनुभव ओळखीचा वाटतो का, आणि त्यानंतर त्याचं काम, नाती, स्वतःची काळजी घेणं नीट चालू आहे की कोसळलंय, हे पाहावं लागतं.

श्रद्धेच्या ठिकाणी उपचार पोचवायचे प्रयत्नही झालेत. घानामधल्या एका प्रार्थनाशिबिरात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवत. तिथे 139 जणांवर चाचणी झाली: निम्म्यांना प्रार्थनेबरोबर औषधंही दिली. सहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली, पण साखळीत काढलेले दिवस कमी झाले नाहीत. 2018 मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. बरं वाटू लागलेल्या माणसाच्या पायातली साखळी तशीच राहते, कारण ती गोळीने सुटत नाही. त्यासाठी शिबिर चालवणाऱ्यांशी बोलावं लागतं, नातेवाइकांची भीती घालवावी लागते, कायदा आणावा लागतो. हे सगळं समाजकार्याचं क्षेत्र आहे.

आणि काही जणांसाठी धर्म हीच जखम असते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'सोस, तेच तुझं कर्तव्य' असं धर्मगुरूंनीच सांगितलेलं असतं. लहानपणी धर्मस्थळातच अत्याचार झालेला माणूस समोर बसलेला असतो. त्यांना कशाचा आधार वाटतो असं विचारताना आवाजात कसलीही अपेक्षा असता कामा नये, आणि 'या विषयावर बोलायचं नाही' हे उत्तर पूर्ण मानायला हवं.

पुन्हा त्या मावशींकडे. समाजसेविकेने 'देव असा नसतो' असं म्हणायचं टाळलं. तिने विचारलं, "तो समोर असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?" बाईंच्या तोंडून जे निघालं ते प्रार्थनेसारखं नव्हतं, भांडणासारखं होतं. त्या अर्धा तास बोलल्या, रडल्या. जाताना त्यांनी विचारलं, हे सगळं कागदावर लिहिणार का? "तुम्ही म्हणाल तेवढंच," ती म्हणाली. बाईंनी थोडा विचार केला. "लिहा की रागावलेय. आणि पुढच्या वेळी मुलाचा फोटो घेऊन येते, तेही लिहा."